‘किरकोळ बिघाडा’चा हिशेब

(शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील कामगार व तंत्रज्ञ यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



एका इंग्रजी शब्दाने आपल्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत अलीकडे चांगलेच ठाण मांडले आहे. तो शब्द म्हणजे ‘ग्लिच’. चालती लाइन मध्येच थांबली की ग्लिच. हजेरीच्या यंत्रावर अंगठा उमटला नाही की ग्लिच. महिनाअखेरीस पगाराच्या चिठ्ठीत दोन खाडे जास्त लागले, तरी तोच शब्द. विचारणाऱ्याला उत्तर मिळाल्यासारखे वाटते आणि सांगणाऱ्याला काहीच सांगावे लागत नाही. शब्द लहान, उच्चाराला सोपा आणि ऐकायला निरुपद्रवी असल्यामुळे त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. वस्तुतः एखाद्या घटनेला नाव कोणी द्यायचे, हा प्रश्न त्या घटनेची किंमत कोणी मोजायची या प्रश्नाशी घट्ट बांधलेला असतो. म्हणून या शब्दाचा नेमका अर्थ आणि त्याचा योग्य वापर यांचा विचार व्हायला हवा. तो नुसता व्याकरणाचा प्रश्न नाही.

शब्द परका आहे म्हणून त्याला दूर लोटण्याचे कारण नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. ‘कारखाना’ हा शब्द फारसीतून आला, ‘हजेरी’ अरबीतून आणि ‘पगार’ पोर्तुगिजांकडून. मराठी श्रमिकाचा दिवस या तीन परक्या शब्दांवाचून उगवत नाही आणि मावळत नाही. शिवकाळात राजव्यवहारकोश सिद्ध झाला. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने शासनव्यवहाराची परिभाषा घडविली. या दोन्ही प्रयत्नांमागची एक जाणीव आजही मोलाची आहे. ती अशी की, राज्यकारभाराचे आणि हिशेबाचे शब्द ज्याला कळत नाहीत, तो त्या कारभारापुढे आणि हिशेबापुढे हतबल होतो. तेव्हा ‘ग्लिच’ मराठीत येवो. परंतु आपला अर्थ बरोबर घेऊन येवो, एवढाच आग्रह आहे.

या शब्दाचे मूळ यिडिश भाषेत, म्हणजे पूर्व युरोपातील ज्यूंच्या बोलीत, असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. तिथे त्याचा अर्थ निसरडी जागा किंवा पाय घसरणे. १९४०च्या दशकात अमेरिकेतील नभोवाणीवर निवेदकाच्या बोलण्यात झालेल्या चुकीला हा शब्द लावला जाई. पुढे दूरचित्रवाणीच्या तंत्रज्ञांनी तो उचलला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन्टू ऑर्बिट’ या अमेरिकन अंतराळवीरांच्या पुस्तकात जॉन ग्लेन यांनी त्याचा तांत्रिक अर्थ सांगितला. विद्युत्प्रवाहाच्या दाबात एकाएकी होणारा क्षणिक चढ किंवा बदल, असा तो अर्थ. तेथून हा शब्द जगभर पसरला.

इलेक्ट्रॉनिक मंडलांच्या शास्त्रात तो याहूनही काटेकोर आहे. एकाच निर्णयासाठी लागणारे दोन संकेत दोन वेगवेगळ्या वाटांनी येतात. एक वाट किंचित लांबीची असली, तर एक संकेत काही अब्जांश सेकंद उशिरा पोहोचतो. तेवढ्या वेळापुरते मंडलाचे उत्तर चुकते आणि लगेच बरोबर होते. ही जी क्षणमात्र उमटलेली खोटी थाप, ती ग्लिच. मात्र इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या रचनेमुळे अशा खोट्या थापेला वाव मिळतो, त्या रचनेतील उणिवेला अभियंते ‘हॅझर्ड’ म्हणतात. हॅझर्ड म्हणजे धोका. अर्थात ज्या विद्येने हा शब्द रूढ केला, तिने घटनेला किरकोळ म्हटले तरी तिच्या कारणाला किरकोळ म्हटले नाही. घटना नोंदवावी, कारण शोधावे, रचना सुधारावी, हीच तिची शिकवण आहे.

त्याचा थोरला भाऊ ‘बग’ हा शब्द. यंत्रातील दोष या अर्थाने थॉमस एडिसन यांनी तो १८७८ साली एका पत्रात वापरला होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या गणकयंत्राच्या एका रिलेत खरोखरीचा पतंग अडकलेला सापडला. यंत्र चालविणाऱ्यांनी तो पतंग चिमट्याने काढून फेकून दिला नाही. नोंदवहीत वेळ लिहून त्याच पानावर तो चिकटवून ठेवला. ती नोंद आजही जपून ठेवलेली आहे. दोष सापडला की त्याची जागा नोंदवहीत, हा तंत्रज्ञानाचा मूळ संस्कार त्या पानावर दिसतो.

तेव्हा ‘ग्लिच’ हा शब्द बरोबर वापरायचा असेल, तर त्याच्या अटी पाळाव्या लागतील. बिघाड क्षणिक असला पाहिजे. तो आपोआप, किंवा फार तर एखादी कळ दाबून, निवळला पाहिजे. त्याच्या मागे कोणाचे नुकसान उरता कामा नये. आणि तो त्याच परिस्थितीत वारंवार उद्भवत असेल, तर त्याला ग्लिच म्हणणे बंद करून दोष म्हटले पाहिजे. यंत्र तासन् तास बंद राहिले, तर ते बंद पडणे होय. कामगारांच्या बोलीत ‘ब्रेकडाऊन’. माणूस जायबंदी झाला तर तो अपघात. धोका ठाऊक असून उपाय टाळला असेल, तर तो निष्काळजीपणा. या पाच गोष्टींची पाच नावे आहेत. पाचही एका नावाच्या गाठोड्यात बांधल्या, की सगळ्यांत जड गोष्ट सगळ्यांत हलक्या नावाने खपविता येते.

शेंद्र्याला या चर्चेचे विशेष प्रयोजन आहे. जालना रस्त्यावरचे हे गाव पूर्वी मांगीरबाबाच्या यात्रेसाठी पंचक्रोशीत ओळखले जाई. मग महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पंचतारांकित वसाहत आली. २००१ मध्ये स्कोडाचा मोटार कारखाना सुरू झाला आणि त्यापाठोपाठ सुट्या भागांचे, औषधांचे, इंजिनांचे कारखाने उभे राहिले. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यात शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांचे ‘ऑरिक’ हे नियोजित औद्योगिक नगर आखले गेले. त्याच्या कंपनीत ५१ टक्के वाटा महामंडळाचा, म्हणजे सार्वजनिक मालकीचा आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी ‘ऑरिक हॉल’चे उद्घाटन झाले. पाणी, वीज, रहदारी यांवर एका जागेवरून संगणकाने देखरेख ठेवणारे नगर, अशी त्याची ख्याती सांगितली जाते. जमीन इथल्या शेतकऱ्याची, पायाभूत पैसा जनतेचा आणि यंत्रावरचा हात मराठवाड्यातल्या तरुणाचा. जिथे सगळा व्यवहार संगणकाच्या हवाली होतो आहे, तिथे संगणकाच्या चुकीला काय म्हणायचे, हे ठरविण्याचा हक्क या तिघांनाही असला पाहिजे.

आता कारखान्यातील हिशेब पाहू. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर उत्पादनाचे जे शास्त्र विकसित झाले, त्यात काही मिनिटांपुरत्या थांब्याला ‘चोको-तेई’ असे खास नाव आहे. मोठ्या, लांबलेल्या थांब्याला ‘दोका-तेई’ म्हणतात. सेइची नाकाजिमा यांनी मांडलेल्या संपूर्ण उत्पादक देखभालीच्या पद्धतीत यंत्राच्या सहा मोठ्या हानी सांगितल्या आहेत, आणि छोट्या थांब्यांची हानी ही त्या सहांपैकी एक आहे. म्हणजे त्या शास्त्राने लहान थांब्याची गणना मोठ्या हानीत केली. त्याचे कारण साध्या गुणाकारात आहे. आठ तासांच्या पाळीत ४८० मिनिटे असतात. समजा, एक यंत्र तीन-तीन मिनिटांसाठी बारा वेळा अडले. ही ३६ मिनिटे झाली, म्हणजे पाळीचा साडेसात टक्के वेळ. वर्षाचे ३०० दिवस धरले, तर १८० तास झाले. साडेबावीस पाळ्या बुडाल्या. बाराही वेळा फोरमनने ‘किरकोळ आहे’ असेच म्हटलेले असते आणि प्रत्येक वेळी ते खरेही असते.

पण या साडेबावीस पाळ्या कोणाच्या हिशेबात धरल्या जातात? उत्पादनाचा आकडा तर ठरलेला असतो. तो संध्याकाळपर्यंत भरला पाहिजे. यंत्राने खाल्लेला वेळ मग माणसाकडून वसूल केला जातो. जेवणाची सुट्टी आखडते, हात वेगाने चालतात. आणि शेवटी ज्या सुरक्षा-सेन्सरमुळे यंत्र वारंवार थांबते, तो सेन्सरच ‘बायपास’ केला जातो. इथे किरकोळ बिघाडाचे रूपांतर जीवघेण्या धोक्यात होते.

पॉवर प्रेसचे उदाहरण घ्यावे. कळ एकदा दाबली की प्रेसचा दट्ट्या एकदाच खाली यावा, अशी तिची रचना असते. क्लचमधील खिळी किंवा स्प्रिंग झिजली, की दट्ट्या आज्ञेवाचून दुसऱ्यांदा खाली येतो. कामगार त्याला ‘डबल स्ट्रोक’ म्हणतात. पहिल्यांदा तो येतो तेव्हा हात बाहेर असतो, म्हणून काही होत नाही. ‘ग्लिच होता’ असे म्हणून काम पुढे चालू राहते. वस्तुतः झिजलेला भाग आपोआप बरा होत नसतो. तेव्हा या घटनेला ग्लिच म्हणणे शास्त्रतःच चुकीचे आहे. तो दोष आहे, आणि पुढच्या वेळी हात कुठे असेल हे कोणीच सांगू शकत नाही. वाहनउद्योगाच्या पुरवठा-साखळीतील अपघातांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल प्रसिद्ध करीत आहे. चिरडलेले हात, तुटलेली बोटे आणि त्यांमागे पॉवर प्रेस, हेच चित्र त्या अहवालांतून पुन्हा पुन्हा समोर येते. कंत्राटी कामगाराचे बोट तुटते, तेव्हा मात्र ‘ग्लिच’ हा शब्द कोणी वापरीत नाही. तेव्हा ‘कामगाराचे लक्ष नव्हते’ असे म्हटले जाते. यंत्र चुकले तर घटना किरकोळ ठरते, आणि त्याच चुकीत माणूस सापडला तर दोष माणसाचा ठरतो. शब्दांच्या या वाटणीतच वर्गीय अन्याय दडलेला आहे.

किरकोळ म्हणण्याची सवय कुठवर नेते, याची दोन उदाहरणे जगाला ठाऊक आहेत. १९८५ ते १९८७ या काळात उत्तर अमेरिकेत ‘थेराक-२५’ नावाच्या किरणोपचार-यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांचा मारा केला, आणि त्यांतील काहींचे प्राण गेले. यंत्राच्या पडद्यावर ‘मॅलफंक्शन ५४’ एवढीच अक्षरे उमटत. त्यांचा नेमका अर्थ माहितीपुस्तिकेत दिलेला नव्हता. असे बारीकसारीक बिघाड रोजचेच असल्यामुळे एक कळ दाबून उपचार पुढे चालू ठेवण्याची सवय चालकांना लागली होती. दोष संगणकाच्या आज्ञावलीत होता. चालकाने माहिती भरभर दुरुस्त केली, तरच तो प्रकट होई. जुन्या यंत्रांत असलेले स्वतंत्र यांत्रिक अटकाव या यंत्रातून काढून टाकून सगळा भार आज्ञावलीवर सोपविलेला होता. उत्पादकाने आरंभी रुग्णांच्या तक्रारी मानल्याच नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात वायूच्या टाकीतील दाब वाढल्याचे मापक दाखवीत होते. त्या कारखान्यातील मापके नेहमीच बिघडलेली असत, म्हणून त्या आकड्याकडे वेळीच लक्ष गेले नाही. शीतकरणाची यंत्रणा त्या वर्षीच्या जूनपासून बंद होती. गळणारा वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. यांतील प्रत्येक बाब सुटी घेतली, तर कोणीतरी तिला तात्पुरती अडचण म्हटले असते. १९८२ पासून पत्रकार राजकुमार केसवानी या संकटाचा इशारा लेखांमागून लेख लिहून देत होते. भोपाळमध्ये त्या रात्री आणि नंतर हजारो माणसे मेली. बिघडलेल्या मापकांची सवय झाली होती, म्हणून खरे बोलणारे मापकही खोटे ठरले. किरकोळ बिघाड दुरुस्त न करण्याचा सर्वांत मोठा तोटा हाच की, खऱ्या इशाऱ्यावरचा विश्वास उडतो.

भोपाळच्या आधीच आपल्या कायद्याने याचे मर्म ओळखले होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मृत्यूची, तसेच ४८ तास वा अधिक काळ कामगार कामावर येऊ न शकेल अशा दुखापतीची सूचना सरकारी अधिकाऱ्याला देणे बंधनकारक केले. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात ८८-अ हे कलम घातले गेले. कोणाला दुखापत झाली नसली, तरी ठरावीक प्रकारची धोकादायक घटना घडली की ती कळविलीच पाहिजे, असे ते कलम म्हणत होते. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि त्या जुन्या कायद्याची जागा तिने घेतली. धोकादायक घटनेची सूचना देण्याचे बंधन तिनेही कायम ठेवले आहे. कोणी मेले नाही म्हणून घटना क्षुल्लक ठरत नाही, हे तत्त्व त्यात मान्य झालेले आहे. अडचण अंमलबजावणीची आहे. जी घटना ‘ग्लिच’ या नावाने नोंदवहीत जाते, किंबहुना मुळीच जात नाही, तिला ८८-अ काय किंवा नवी संहिता काय, कुठून सापडणार?

हा शब्द व्यवस्थेला काटेकोरपणे वापरता येत नाही, असेही नाही. हवे तिथे तो उत्तम वापरता येतो. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार दुपारी सुमारे पावणेबाराला थांबले आणि पावणेचारला पुन्हा सुरू झाले. मोठा गहजब झाला. २५ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘सेबी’ने शेअर-दलालांच्या संगणक-यंत्रणेतील ‘टेक्निकल ग्लिच’ संबंधी परिपत्रक काढले. त्यात या शब्दाची व्याख्या केली गेली. यंत्रणेचे काम सलग पाच मिनिटे वा अधिक थांबले, मंदावले किंवा नेहमीपेक्षा वेगळे झाले, तर ती ग्लिच. एका तासाच्या आत शेअर बाजाराला कळवायचे, दुसऱ्या दिवशी प्राथमिक अहवाल द्यायचा आणि चौदा दिवसांत मूळ कारणाची चिकित्सा सादर करायची, असे त्या परिपत्रकाने ठरवून दिले. हे योग्यच झाले. गुंतवणूकदाराचे पाच मिनिटांचे नुकसान हेही नुकसानच आहे.

आता हीच पाच मिनिटांची फूटपट्टी रास्तभाव दुकानाला लावून पाहावी. अन्नसुरक्षा अधिनियम २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला दरमहा पाच किलो धान्याचा हक्क आहे. दुकानातील ई-पॉस यंत्राने अंगठा ओळखला नाही, किंवा ‘सर्व्हर डाऊन’ झाला, की तो हक्क दारात अडतो. ज्यांच्या बोटांच्या रेषा ऊसतोडीत, विटभट्टीवर किंवा मातीकामात झिजल्या आहेत, त्यांनाच यंत्र जास्त नाकारते. २८ सप्टेंबर २०१७ रोजी झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. आधारशी जोडणी नसल्यामुळे तिच्या कुटुंबाचे रेशनकार्ड रद्द झाले होते आणि घरात अन्न नव्हते, असे तिच्या आईचे म्हणणे होते. सरकारने ते मानले नाही. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्र सरकारने राज्यांना लेखी कळविले की, केवळ आधार नाही म्हणून कोणालाही धान्य नाकारू नये. आदेश निघाला, पण यंत्र किती मिनिटे बंद राहिले, किती माणसे परत गेली आणि कोणत्या कारणाने, याचा अहवाल चौदा दिवसांत मिळावा असा नियम त्या रांगेतल्या माणसासाठी झाला नाही. परत गेलेल्या माणसाची मजुरी त्या दिवशी बुडाली, ती वेगळीच. अर्थशास्त्रज्ञ विल्यम कॅप यांनी १९५० साली ‘खासगी उद्योगाचा सामाजिक खर्च’ या विषयावर ग्रंथ लिहिला. ज्या खर्चाची नोंद उद्योगाच्या खातेवहीत होत नाही, तो खर्च समाजातला दुबळा माणूस सोसतो, हा त्याचा आशय. आज खासगी उद्योगाइतकेच सरकारी संगणकही हा खर्च दुबळ्याच्या माथी मारीत आहेत.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याने हे २०१७ मध्ये अनुभवले. त्या वर्षी २४ जून रोजी राज्य शासनाने ३४,०२२ कोटी रुपयांच्या कर्जमाफीची घोषणा केली. अर्ज संगणकावर भरायचे होते. मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबे रात्री-बेरात्री सेवाकेंद्रांपुढे तिष्ठत बसली. ऐन दिवाळीत, १८ ऑक्टोबरला, समारंभपूर्वक प्रमाणपत्रे वाटली गेली. पण बँकांनी दिलेल्या माहितीत एकाच आधार क्रमांकावर अनेक खाती आढळली, आणि पैसे खात्यात जमा होणे लांबले. ‘तांत्रिक अडचण’ असा खुलासा झाला. ती अडचण क्षणिक नव्हती, आपोआप निवळणारी नव्हती, आणि रब्बीच्या पेरणीला नवे कर्ज हवे असलेल्या शेतकऱ्याचे तिने नुकसान केले. म्हणजे ग्लिचची एकही अट तिला लागू पडत नव्हती. माहितीची छाननी आधी न करता तारीख आधी जाहीर करणे हा निर्णय होता, आणि निर्णय यंत्र घेत नसते, माणसे घेतात.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. तयारी अपुरी, शिक्षकांचे प्रशिक्षण अपुरे. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले आणि पुढच्या प्रवेशांसाठी विद्यार्थी ताटकळले. तिथेही सुरुवातीला दोष संगणकाकडेच ढकलला गेला. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपतींनी कुलगुरूंना पदमुक्त केले. नाचता येईना अंगण वाकडे, हा बचाव त्या वेळी चालला नाही. या घटनेचे महत्त्व एवढ्याचसाठी की, यंत्राच्या नावाने झालेल्या घोळाची जबाबदारी माणसावर निश्चित करता येते, हे तिने दाखवून दिले.

याच्या अगदी उलट प्रकार ब्रिटनमध्ये घडला. तिथल्या टपाल खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेब-पद्धत सुरू केली. गावोगावच्या टपाल-चालकांच्या हिशेबात तूट दिसू लागली. यंत्र चुकत असेल, असे ते सांगत राहिले. कोणी ऐकले नाही. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक माणसांवर चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असे गुन्हे शाबीत झाले. काही तुरुंगात गेली, काही कर्जबाजारी झाली, काहींनी आत्महत्या केल्या. १६ डिसेंबर २०१९ च्या निकालात न्यायालयाने मान्य केले की, ती पद्धत सदोष होती. २०२४ मध्ये खास कायदा करून शेकडो जणांची शिक्षा रद्द करावी लागली. यंत्राची चूक मालकाला अडचणीत आणणारी असेल, तर ती ‘किरकोळ बिघाड’ होते. तीच चूक नोकराच्या खात्यात तूट दाखविणारी असेल, तर यंत्र निर्दोष आणि माणूस चोर ठरतो. शेंद्र्यात ज्याच्या पगारातून दोन दिवस कापले गेले, त्याने ही कथा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

यावर व्यवस्थापनाच्या बाजूने एक आक्षेप घेतला जाईल. यंत्र म्हटले की ते अडखळणारच. प्रत्येक अडखळण्याची चौकशी करीत बसले, तर उत्पादन कधी करायचे? आक्षेप पोकळ नाही. खरोखरीची ग्लिच असते. क्षणभर दिवा लुकलुकतो, पडदा गोठतो, पुन्हा सुरू होतो, आणि कोणाचे काही बिघडत नाही. अशा प्रत्येक वेळी संघटनेने ‘निष्काळजीपणा’ची आरोळी ठोकली, तर तीही शब्दाची अफरातफरच होईल, आणि लांडग्याच्या गोष्टीतल्या मुलासारखे खरे संकट आल्यावर कोणी ऐकणार नाही. शब्दाची शिस्त दोन्ही बाजूंनी पाळली पाहिजे. परंतु घटना एकदाच घडली की पुन्हा पुन्हा, याचा निवाडा नोंदीवाचून होऊच शकत नाही. नोंद करायला एक मिनिट लागते. चौकशी मात्र ज्या नोंदी पुन्हा पुन्हा येतात त्यांचीच करावी लागते. तेव्हा नोंद आणि उत्पादन यांत विरोध नाही. जपानी कारखान्यांनी हेच करून उत्पादन वाढविले.

आणखी एक सबब अशी असते की, संगणकाचे दोष फार गुंतागुंतीचे असतात, ते सामान्य माणसाला कळायचे नाहीत. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या कंपनीच्या एका सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमाने जमिनीवर राहिली. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची वेळ आली. त्याचे कारण कंपनीनेच पुढे प्रसिद्ध केले. आज्ञावली २० नोंदींची अपेक्षा करीत होती, नव्या फायलीत २१ वी मागितली गेली, आणि ही तफावत पकडणारी चाचणी झाली नव्हती. शिवाय सुधारणा टप्प्याटप्प्याने न देता सगळीकडे एकदम दिली गेली. यात सामान्य माणसाला न कळण्यासारखे काय आहे? कारण सांगितले तर कळते. ते सांगायचे नसते, तेव्हाच ते गुंतागुंतीचे असते.

म्हणून मागणी साधी आहे. शेंद्र्यातील प्रत्येक पाळीत, प्रत्येक यंत्रापाशी मराठीत एक नोंदवही असावी. यंत्र कधी अडले, किती वेळ अडले आणि तोच बिघाड यापूर्वी कितव्यांदा झाला, हे कायम असो वा कंत्राटी, यंत्रावरच्या कामगाराने स्वतः लिहावे. एका आठवड्यात तोच बिघाड तिसऱ्यांदा आला, की त्याला ‘दोष’ म्हणावे आणि देखभाल विभागाने लेखी कारण द्यावे. सेन्सर बायपास करायचा हुकूम तोंडी असेल, तर तो मानू नये. हुकूम देणाऱ्याची सही मागावी. एकट्याने मागितली तर नोकरी जाईल. म्हणून ती संघटनेने मागावी. यंत्राच्या थांब्यामुळे कमी पडलेला आकडा कामगाराच्या माथी मारू नये, ही अट वेतनकरारात लिहून घ्यावी. हजेरी आणि पगाराच्या संगणकाने केलेली कपात सिद्ध करण्याचा भार ती करणाऱ्यावर असावा. आणि जी फूटपट्टी सेबीने दलालाच्या संगणकाला लावली, तीच रास्तभाव दुकानाच्या यंत्राला लावावी, ही मागणी तालुक्याच्या तहसील कचेरीपासून विधिमंडळापर्यंत नेली पाहिजे.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ असे मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या म्हणत आला. यिडिश भाषेतल्या त्या निसरड्या जागेचा आणि मराठीतल्या या ठेचेचा अर्थ फार दूरचा नाही. परंतु पुढच्याला लागलेली ठेच मागच्याला कळलीच नाही, तर तो शहाणा कसा होणार? पहिल्या पाळीत आलेला डबल स्ट्रोक दुसऱ्या पाळीच्या कामगाराला नोंदवहीत वाचायला मिळाला पाहिजे. तो प्रेसखाली हात घालणार आहे.